दोन दिवसांत लावलेला निकाल

व्हिम नावाचा एडिटर विद्यार्थ्यांच्या माथी मारणं आता बंद करा, असं म्हणणारे लोक नागपुरात वाढले आहेत. परसोडीच्या आयटी पार्कबाहेर चहा पिताना हे ऐकू येतं, मिहानमध्ये नोकरीला लागलेली मुलं सुट्टीत भेटली की हेच सांगतात, आणि लिनक्सची प्रॅक्टिकलं घेणारे काही शिक्षकही त्याच सुरात बोलू लागले आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : हे साधन १९७६ सालच्या गरजेतून आलेलं आहे, एकच कळ कधी अक्षर उमटवते आणि कधी मजकूर पुसते, ही रचनाच माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे, आणि कोड लिहून द्यायला एआय असताना यात आठवडे घालवणं म्हणजे उमेदीच्या वयातला वेळ मातीत घालणं. वर्गातल्या पोराच्या तोंडी तेच सरळ येतं, "सर, हे कायले शिकाचं? माउस हाय ना!"

पोराचा प्रश्न रास्त आहे. जो शिकायला सांगतो त्याने ते कशासाठी, हे सांगितलंच पाहिजे. मोठ्यांचा निकाल मात्र मला मान्य नाही. दोन दिवस चाचपडून लावलेला तो निकाल आहे, आणि त्या दोन दिवसांत माणूस व्हिम वापरत नसतोच. तो फक्त त्यातून बाहेर कसं पडायचं ते शोधत असतो.

ज्यांनी हा एडिटर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. व्हिम उघडला की तो लिहून घ्यायला बसलेला नसतो. त्याची मूळ अवस्था, म्हणजे नॉर्मल मोड, ही वाचण्याची, फिरण्याची आणि दुरुस्तीची. तिथे प्रत्येक कळ ही आज्ञा असते. 'आय' दाबलं की लिहिण्याचा मोड सुरू होतो, मग कळा नेहमीसारख्या अक्षरं उमटवतात. एस्केप दाबलं की पुन्हा मूळ अवस्था. एवढ्यावरच सगळा वाद उभा आहे.

जुनेपणाच्या आक्षेपात तथ्य आहे, म्हणून तो आधी घेतो. बर्कलीत शिकणाऱ्या बिल जॉयने १९७६च्या सुमारास व्हिमचा पूर्वज व्हीआय घडवायला घेतला तेव्हा त्याच्यापुढे एडीएम-३ए नावाचं टर्मिनल होतं. त्याच्या कीबोर्डवर बाण एच, जे, के आणि एल या अक्षरांवरच छापलेले होते आणि आज जिथे टॅब असतो तिथे एस्केप होतं. मोडेम ३०० बॉडचा. पडदा पुन्हा रंगवायचा तर माणसाला ताटकळत बसावं लागे, म्हणून कमीत कमी कळांत जास्तीत जास्त काम उरकणारी भाषा त्याने बांधली. आज ते टर्मिनल नाही, तो मोडेम नाही, आणि एस्केप कोपऱ्यात जाऊन बसलं आहे. हे सगळं खरं. पण एखादी गोष्ट ज्या अडचणीतून जन्मली ती अडचण सरली म्हणून ती गोष्ट निकामी होते, हा तर्क टिकत नाही. ज्या कीबोर्डवर हे आक्षेप टाइप होतात त्यावरची अक्षरांची मांडणी १८७०च्या दशकातल्या टाइपरायटरची आहे. ती कुणी टाकून दिलेली नाही. एस्केपची गैरसोय कॅप्स लॉकच्या कळीला एस्केपचं काम दिलं की मिटते. तेही नको असेल तर कंट्रोलबरोबर डावा चौकोनी कंस दाबला तरी तेच होतं.

आणि त्या संथ तारेच्या काळातला काटकसरीपणा विदर्भात आजही उपयोगी पडतो. गडचिरोली-गोंदियाकडचा मुलगा सुट्टीत गावी जातो, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून दूरच्या सर्व्हरला जोडून प्रोजेक्टचं काम करतो, आणि मध्येच रेंज जाते किंवा लाइन जाते. व्हिम आपली स्वॅप फाइल सांभाळून असतो : दोनशे अक्षरं टाइप झाली किंवा चार सेकंद हात थांबला की ती डिस्कवर लिहिली जाते. संपर्क तुटला तरी ती सर्व्हरवर तशीच असते, आणि पुन्हा जोडल्यावर त्यातून काम परत मिळवता येतं. व्हीआय हा युनिक्स घराण्यातल्या प्रणालींच्या पॉसिक्स मानकाचा भाग आहे, त्यामुळे बहुतेक प्रत्येक लिनक्स यंत्रावर त्याचं कुठलं ना कुठलं रूप आधीच बसलेलं असतं. नवं काही उतरवून घ्यावं लागत नाही, चार जीबीच्या जुन्या लॅपटॉपलाही तो जड होत नाही, आणि पैसे तर लागतच नाहीत. ब्राम मूलेनार या डच प्रोग्रॅमरने १९९१मध्ये व्हिम लोकांपुढे ठेवला तो फुकट. त्यांची विनंती एवढीच होती की जमेल त्याने युगांडातल्या किबाले इथल्या अनाथ मुलांसाठी मदत पाठवावी. ऑगस्ट २०२३मध्ये मूलेनार गेले. पुढच्या जानेवारीत आलेली ९.१ ही आवृत्ती त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांनाच अर्पण केली. जे साधन आज सुधारलं जातंय त्याला वस्तुसंग्रहालयात पाठवायची घाई कशाला?

आता दुसरा आक्षेप, मोडचा. हा सगळ्यात वजनदार, कारण तो लॅरी टेस्लरसारख्या माणसाने केलेला आहे. कट-कॉपी-पेस्ट आपल्या हाती ज्यांच्यामुळे आलं त्यांतला हा एक. मोडला त्याचा इतका विरोध होता की गाडीच्या नंबरप्लेटवरही त्याने 'नो मोड्स' लिहून घेतलं होतं. १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत ब्राव्हो नावाचा मोडवाला एडिटर होता. त्याची एक गोष्ट संगणकाच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. आपण लिहिण्याच्या मोडमध्ये आहोत असं समजून कुणी 'एडिट' हा शब्द टाइप केला, तर 'ई'ने सगळा मजकूर निवडला जाई, 'डी'ने तो पुसला जाई, 'आय'ने लिहिणं सुरू होई, आणि अख्ख्या दस्तऐवजाच्या जागी एकच 'टी' उरे. टेस्लरचा राग यातून समजतो. यंत्र कुठल्या अवस्थेत आहे हे माणसाला कळलं नाही, तर मोड घात करतो.

पण या वाक्यात 'कळलं नाही तर' ही अट आहे, आणि आक्षेप घेणारे तिच्याकडे काणाडोळा करतात. व्हिममध्ये कुठूनही एस्केप दाबलं की एकाच ठिकाणी परत येता येतं, लिहिण्याचा मोड चालू असेल तर पडद्याच्या तळाशी तसं लिहून येतं, आणि 'यू' दाबत गेलं की एकेक चूक मागे घेता येते. सराव झालेला माणूस लिहिण्याच्या मोडमध्ये रेंगाळत नाही. शब्द लिहिला, वाक्य झालं, की बोट आपसूक एस्केपवर जातं. शंकेला जागाच उरत नाही.

मोड माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी सिव्हिल लाइन्समध्ये कोर्टाच्या आवारात बसलेल्या टायपिस्टकडे जाऊन उभं राहावं. मराठीत अर्ज चालू आहे. मध्ये कलमाचं इंग्रजी नाव येतं, पक्षकाराच्या कंपनीचं नाव येतं, ईमेलचा पत्ता येतो. प्रत्येक वेळी भाषा बदलते, तीच कळ वेगळं अक्षर देते, आणि टायपिस्टचा हात अडखळत नाही. इन्स्क्रिप्ट मांडणीत एच-जे-के-एल या चार कळा 'प', 'र', 'क', 'त' देतात, आणि 'डी'ची कळ अक्षराचा पाय मोडते. आपण सगळेच दिवसातून कितीतरी वेळा हा बदल करतो. मोबाइलवर मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत जाताना आपण मोडच बदलत असतो. दोन लिप्यांत लिहिणारा समाज मोडला घाबरत नाही. ज्याचं उभं आयुष्य एकाच लिपीत गेलं त्याला मोड अनैसर्गिक वाटला तर समजू शकतो. नागपूरच्या माणसाने तो आक्षेप उसना घ्यायचं कारण नाही.

मराठी लिहिणाऱ्याची एक खरी अडचण मात्र आहे. संगणकाचा कीबोर्ड मराठीवर ठेवून व्हिम वापरायला गेलं की एस्केपनंतरच्या आज्ञा बंद पडतात. खाली जायला 'जे' दाबावं तर व्हिमला 'र' मिळतो, आणि त्याला त्याचा अर्थ लागत नाही. बरेच जण इथेच सोडून देतात. उपाय मात्र व्हिममध्येच आहे. कीबोर्ड इंग्रजीवरच राहू द्यायचा आणि कीमॅप नावाची सोय वापरायची. कुठल्या कळीला कुठलं देवनागरी अक्षर, अशा दोन रकान्यांची साधी फाइल असते. ती आपली आपण लिहिता येते. मग मराठी फक्त लिहिण्याच्या मोडमध्ये उमटतं, एस्केप दाबताच कळा पुन्हा आज्ञा होतात, आणि पुन्हा लिहायला गेलं की मराठी आपोआप हजर. भाषा बदलायचा विसर पडून होणारा घोळच संपतो. टर्मिनलमध्ये जोडाक्षरं अजूनही अनेकदा तुटक दिसतात, हा दोष खरा आहे आणि तो झाकून ठेवू नये. लांब मराठी मजकुरासाठी खिडकीत उघडणारा जीव्हिम घ्यावा.

आता शिकून नेमकं काय हाती लागतं, ते. समजा तीसेक ओळींची सेटिंगची फाइल आहे आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी अवतरणचिन्हांत जुन्या सर्व्हरचं नाव आहे. त्यातल्या काहीच ओळी बदलायच्या आहेत, कुठल्या ते वाचूनच ठरवायचं आहे. म्हणजे सरसकट शोधा-बदला चालणार नाही. माउसवाला काय करतो? नेम धरतो, ओढतो, अवतरणचिन्हही सोबत निवडलं जातं, पुन्हा ओढतो, टाइप करतो, पुढच्या ओळीवर जाऊन हेच. व्हिम येणारा पहिल्या ओळीवर 'सी', 'आय' आणि अवतरणचिन्ह या तीन कळा दाबतो. अर्थ असा, की या चिन्हांच्या आतलं बदल. नवं नाव लिहितो, एस्केप दाबतो. पुढे 'जे'ने एकेक ओळ खाली उतरतो, वाचतो, आणि बदल हवा असेल तिथे फक्त पूर्णविराम दाबतो. पूर्णविराम म्हणजे मघाची कृती पुन्हा कर. त्याचे डोळे मजकुरावर असतात आणि डोकं 'ही ओळ बदलायची का?' एवढ्याच प्रश्नात असतं. हात मध्ये येत नाही.

या तीन कळा कुणी पाठ केलेल्या नसतात, त्या जुळवलेल्या असतात. 'डी' म्हणजे काढ, 'सी' म्हणजे बदल, 'वाय' म्हणजे उचलून ठेव. पुढे कशावर ते सांगायचं : शब्द, वाक्य, परिच्छेद, कंसातला मजकूर, अवतरणातला मजकूर. तीन क्रिया आणि आठ वस्तू शिकल्या तर अकरा गोष्टी ध्यानात ठेवून चोवीस आज्ञा हाताशी येतात, आणि चौथी क्रिया शिकली की एकदम आठ आणखी. शॉर्टकटच्या यादीचं तसं नसतं. तिथला प्रत्येक शॉर्टकट सुटा, दुसऱ्याशी त्याचं नातं नाही. व्हिमला शॉर्टकटचा डोंगर म्हणणाऱ्याला ही जुळणी कुणी दाखवलेलीच नसते.

ती दाखवली जात नाही, याचा दोष आपल्या शिकवण्याकडे जातो. लिनक्सच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये काय असतं? डाव्या रकान्यात कळ, उजव्या रकान्यात अर्थ, असा दोन पानी तक्ता. मुलं तो एकमेकांच्या जर्नलमधून उतरवतात, व्हायवात 'सेव्ह करून बाहेर कसं पडायचं?' हा एक प्रश्न येतो, सही होते. त्या मुलाने पुढे व्हिमला नावं ठेवली तर त्याचं काय चुकलं? पोहणं कागदावर शिकवून पाण्याला दोष देण्यातला हा प्रकार आहे.

आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते तीच मुळाशी आहे. इंजिनिअरिंगच्या बहुसंख्य मुलांना न बघता टाइप करता येत नाही. चार बोटांनी, मान खाली घालून, कळा शोधत टाइप करणाऱ्याला व्हिमचा त्रासच होणार, कारण त्याची नजर सारखी पडदा सोडते आणि कुठला मोड चालू आहे ते त्याला दिसतच नाही. याच शहरात सीताबर्डीपासून महालापर्यंत टायपिंग इन्स्टिट्यूटमधून पिढ्यान्पिढ्या मुलं-मुली तयार झाल्या. ए-एस-डी-एफ-जी-एफ, सेमिकोलन-एल-के-जे-एच-जे हा पहिला धडा पानभर गिरवायचा, बोटं कळांवरून हलली की टोकणी ऐकायची, सहा महिने जायचं, आणि मग मराठी तीस किंवा इंग्रजी चाळीसच्या सरकारी परीक्षेला बसायचं. लिपिक-टंकलेखकाच्या जाहिरातीत आजही तीच अट असते. पहिल्या महिन्यात बोटं दुखतात, वेग हाताने लिहिण्यापेक्षाही कमी असतो. तरी कुणी म्हणत नाही की टाइपिंग माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे. ही बोटांची विद्या आहे, तिला वेळ लागणारच, हे घरातल्या आईवडिलांनाही ठाऊक असतं. मिनिटाला तीस शब्दांसाठी सहा महिने देणं आपण रास्त मानतो. मग जो मुलगा पुढची तीस वर्षं मजकूर दुरुस्त करूनच पोट भरणार, त्याने एडिटरला महिना दिला तर तो वाया कसा?

टायपिंग झालेल्या मुलांच्या हातात व्हिम लवकर बसतो, हे या शहरात शिकवताना मी सतत पाहत आलो आहे. कॉमर्सची पार्श्वभूमी असलेली, कॉम्प्युटर उशिरा हाती आलेली मुलगी दुसऱ्या आठवड्यात सहज फिरू लागते आणि बारावीला नव्वद टक्के मिळवलेला मुलगा अजून 'एच' शोधत असतो. बुद्धीचा यात संबंध नाही. तिची बोटं आधी तयार झालेली असतात, इतकंच.

एआयचा मुद्दा राहिला. कोड यंत्र लिहून देतं, मग एडिटर शिकून काय करायचं? मला वाटतं इथे उलटंच घडतंय. यंत्र पानंच्या पानं लिहून देतं तेव्हा माणसाचं काम वाचण्याचं, तपासण्याचं आणि नेमकी चुकीची ओळ गाठून ती सुधारण्याचं उरतं. व्हिमची मूळ अवस्था याच कामासाठी बांधलेली आहे. एखादं नाव आणखी कुठे आलंय ते त्या नावावर तारांकनाची कळ दाबून बघावं, कंसाच्या एका टोकावरून टक्केचिन्हाने दुसऱ्या टोकाला जावं, एक परिच्छेद उचलून दुसरीकडे ठेवावा. लिहिणं कमी आणि दुरुस्ती जास्त झाली, म्हणजे या कौशल्याची गरज वाढली. जो तपासू शकत नाही तो यंत्राने दिलेलं जसंच्या तसं पुढे ढकलतो, आणि त्याची किंमत पुढे कुणीतरी मोजतं.

व्हिमच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही या वादाचं नुकसान केलं आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. व्हिम शिकलात की दसपट कामं उरकतात, असे दावे करू नयेत. प्रोग्रॅमरचा वेळ विचारात जातो, टाइप करण्यात कमी जातो. विचार चालू असताना हाताने त्यात खोडा घालू नये, एवढाच लाभ आहे आणि तो पुरेसा मोठा आहे. माउस वापरणाऱ्याला कमी लेखणं तर सरळसरळ वाईट. आणि नव्या मुलाला पहिल्याच दिवशी आपली शेकडो ओळींची कॉन्फिग फाइल देणं म्हणजे त्याला दुसऱ्याच्या घरात अंधारात सोडणं. काही बिघडलं तर काय बिघडलं हे त्याला कळणारही नाही.

कसं शिकावं हे मूलेनार यांनीच २०००मध्ये परिणामकारक संपादनाच्या सवयींवरच्या लेखात सांगून ठेवलं आहे, आणि त्याहून चांगली रीत मला माहीत नाही. काम करताना आपला वेळ कुठे वाया जातोय ते ओळखा, त्यासाठी जवळची वाट शोधा, ती हातात बसेपर्यंत वापरत राहा. एका वेळी एकच. 'जे' दाबून धरून चाळीस ओळी खाली जात असाल, तर त्या आठवड्यात शोधून उडी मारायला शिका. तेच शब्द दहादा टाइप करत असाल, तर पुढच्या आठवड्यात पूर्णविराम आणि नंतर मॅक्रो, म्हणजे नोंदवून ठेवलेल्या कळा. व्हिमबरोबर येणारा व्हिमट्यूटर हा सराव अर्ध्या तासाच्या आसपास पुरा होतो, आणि तो करायचा असतो, वाचायचा नसतो.

म्हणून नागपुरातल्या कॉलेजांना आणि विभागप्रमुखांना माझं सांगणं आहे. जर्नलमधला तो तक्ता काढून टाका. पहिल्या सत्रात मुलांना न बघता टाइप करायला शिकवा. आपल्याच शहरातल्या टायपिंगच्या शिक्षकांना त्यासाठी सन्मानाने बोलवा. मग प्रॅक्टिकलच्या एका तासात व्हिमट्यूटर करून घ्या, क्रिया आणि वस्तूंची जुळणी फळ्यावर मांडा, आणि पुढचा महिनाभर सगळं लॅबचं काम व्हिममध्येच करायला लावा. व्हायवात कळांचे अर्थ विचारू नका, समोर चुका असलेली फाइल ठेवा आणि ती दुरुस्त करायला सांगा. एवढं केल्यावर एखाद्याला व्हिम नको वाटला, तर त्याला दुसरा एडिटर खुशाल घेऊ द्या. त्याने तो निकाल शिकून लावलेला असेल, आणि मी तो मानेन.